छोट्या फोर-बाय-फोरमागे कॅम्पर ट्रेलर : आधी काट्यावर चढवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जिम्नी, थार यांसारख्या छोट्या फोर-बाय-फोरमागे (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीमागे) कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मुक्कामाची सोय असलेला ओढगाडा, लावून कोकणात किंवा भंडारदऱ्याकडे निघालेली मंडळी आता लांब सुटीला दिसू लागली आहेत. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणातही कॅम्पर ट्रेलरला जागा आहे, तेव्हा ही संख्या वाढणारच. हौसेला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती ट्रेलर घेताना विचारल्या जाणाऱ्या एकाच प्रश्नाला : ‘गाडी किती ओढते?’ सपाट डांबरी रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये कुठलीही गाडी टनभर वजन हलवते. ती थांबवते किती आणि मागच्या चाकांवर पेलते किती, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर माहितीपत्रकात कमी आणि वजनकाट्यावर जास्त मिळते.

उदाहरण जिम्नीचेच घेऊ. पाच दारांची जिम्नी गुरुग्रामला तयार होते आणि ऑस्ट्रेलियातही विकली जाते. कॅम्पर ट्रेलर हा प्रकार तिथे घरोघरचा, त्यामुळे गाडीची ओढक्षमता तिथे जाहीर केलेली असते. ती अशी : ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १३०० किलो, नसतील तर ३५० किलो. आपल्याकडे यातला पहिला आकडा तोंडोतोंडी फिरतो आणि दुसरा कोणी सांगत नाही. कच्च्या रस्त्यासाठी बांधलेला छोटा कॅम्पर ट्रेलर रिकामाच ३५० ते ५०० किलो भरतो. त्यात पाणी, गॅस, बॅटरी, तंबू, भांडीकुंडी घातली की ६००-७०० होतात. म्हणजे बिनब्रेकचा कॅम्पर ट्रेलर जिम्नीमागे बसतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या नियमानुसार ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक लागत नाहीत, हा दाखलाही काही विक्रेते देतात. पण तिथेही गाडीची स्वतःची बिनब्रेकची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी लागते. शिवाय परदेशातला आकडा म्हणजे इथली परवानगी नव्हे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची शिफारस नाही असे छापले असेल, तर वॉरंटीच्या दृष्टीने तोच शेवटचा शब्द.

आता पेलण्याचा हिशेब. पाच दारांच्या जिम्नीचे रिकामे वजन सुमारे १२०० किलो आणि कमाल एकूण वजन १५४५ किलो. हातात राहिले ३४५. टो बार (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेला लोखंडी दांडा) आणि हिच (त्यातून मागे निघणारा, टोकाला गोल बॉल असलेला जोड) यांचे २० ते २५ किलो. ६५० किलोच्या ट्रेलरची दांडी गाडीच्या बॉलवर साधारण ६५ किलो भार टाकते, आणि तो भार गाडीच्याच खात्यात धरायचा असतो. हे लोक विसरतात. उरले २५५. सत्तर किलोची तीन माणसे बसली की हातात ४५. वर टपावर कॅरिअर, पुढे लोखंडी बंपर आणि डिकीत भरलेला कूलर असेल तर गाडी भरलीच, ट्रेलर कितीही हलका असो. थार वजनाने बरीच जड आहे, पण हिशेबाची रीत तीच : दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवरचे कमाल वजन, त्यातून प्रत्यक्ष भरलेल्या गाडीचे वजन वजा.

बॉलवरचे ६५ किलो मागच्या अॅक्सलवर ६५ किलो म्हणून येत नाहीत, जास्त येतात. बॉल मागच्या अॅक्सलच्या ८५ सेंटिमीटर मागे आहे असे धरा. जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधले अंतर, २५९० मिलिमीटर. तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर सुमारे ८६ किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरून २१ किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते आणि ओल्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून हिच मागे लांब काढू नये. स्टेपनी आडवी येते म्हणून १५ सेंटिमीटर लांब नळी घालणारे हे गणित बिघडवतात. स्टेपनीवरून आठवले. या गाड्यांचे मागचे दार बाजूला उघडते. ट्रेलरच्या दांडीवर पुढे टूलबॉक्स किंवा उभे जॉकी व्हील (सोडलेल्या ट्रेलरची दांडी उचलून धरणारे छोटे चाक) असेल तर दार अर्धेच उघडते आणि डिकीतली वस्तू काढायला प्रत्येक वेळी ट्रेलर सोडावा लागतो. दांडी ठरवण्याआधी दार पूर्ण उघडून टेप लावावी, आणि जॉकी व्हील काढून ठेवता येईल असे घ्यावे.

मग दांडीवरचा भार कमीच ठेवावा का? नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार बॉलवर यायलाच हवा. वजनाचा मध्य अॅक्सलच्या पुढे असेल तर वाऱ्याचा झोत किंवा बाजूने गेलेल्या बसचा धक्का लागल्यावर ट्रेलर आपोआप सरळ होतो. मध्य अॅक्सलच्या मागे गेला की ट्रेलर शेपूट मारू लागतो, आणि वेग वाढेल तसा प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. गाडी हलकी आणि व्हीलबेस आखूड असल्याने ट्रेलर गाडीलाच ओढून नेतो. सत्तरला अगदी सरळ चालणारा ट्रेलर नव्वदला अचानक का नाचतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यातली मोठी चूक गाळ्यातच होते. आपल्याकडे बरेच ट्रेलर स्थानिक फॅब्रिकेटर बांधतात, आणि दिसायला नीटस म्हणून अॅक्सल पेटीच्या बरोबर मध्यावर टाकतात. समजा पेटी दोन मीटर लांब, तिच्यापुढे दांडी १.३ मीटर आणि सामान सारखे पसरलेले. मग वजनाचा मध्य कपलरपासून (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा जोड) २.३ मीटरवर येतो. दहा टक्के भार दांडीवर हवा असेल तर अॅक्सल २.५५ मीटरवर, म्हणजे पेटीच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर मागे हवा. मागे सरकते स्वयंपाकघर असेल तर आणखी मागे. पाण्याची टाकीही अशीच. ६० लिटरची टाकी अॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे बसवली आणि भरली की दांडीवरचा भार १९ किलोंनी घटतो. ६५ चे ४६ होतात. टाकी अॅक्सलच्या किंचित पुढे, तळाशी आणि आत आडव्या पडद्यांची घ्यावी. अर्धी भरलेली टाकी वळणावर पाणी एका अंगाला फेकते, म्हणून प्रवासात ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बरी.

दांडीवरचा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर पूर्ण भरून सपाट जमिनीवर उभा करावा, चाकांना उटी (अडसर) लावावी, काट्यावर फळी आणि फळीवर लाकडी ठोकळा असा उभा करावा की कपलर बॉलच्या उंचीवर टेकेल. ट्रेलर समतल हवा, नाक वर असेल तर आकडा कमी दिसतो. हे मोठ्या वजनकाट्यावर मोजू नये. तिथला काटा पाच, दहा किंवा त्याहून मोठ्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे ६५ आहे की ५० हे कळतच नाही. मोठा काटा वापरायचा तो बाकीच्या वजनांसाठी : आधी गाडीपासून सोडलेला नुसता ट्रेलर, मग ट्रेलर जोडून पण त्याची चाके काट्याबाहेर ठेवून, आणि शेवटी गाडीची फक्त मागची चाके काट्यावर घेऊन. तीन पावत्या आणि गाडीची पट्टी समोर ठेवली की वाद उरत नाही.

ब्रेकबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला प्रदेश घाटांचा आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे १२५० मीटर उंची संपते. दीड टनाची गाडी आणि ६५० किलोचा ट्रेलर मिळून या उतारात सुमारे सव्वासात युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. टायरचे घर्षण आणि हवा काही भाग खातात; उरलेले इंजिनाने अडवायचे किंवा ब्रेकने तापायचे. जिम्नीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि ते एकट्या गाडीच्या हिशेबाने बसवलेले आहेत. म्हणून चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, तेही घाटमाथ्यावरच गिअर टाकून. ब्रेक सतत टेकवून ठेवू नये. वेग वाढला की एकदा घट्ट दाबून कमी करावा आणि सोडावा. जळक्या लायनरचा वास आला तर वळणावर नव्हे, रुंद जागी थांबावे आणि तापलेल्या ड्रमवर पाणी मुळीच ओतू नये.

ट्रेलरच्या ब्रेकचे दोन प्रकार मिळतात. एक ओव्हररन : गाडी थांबली की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्यानेच कपलरमधला दांडा मागे जाऊन ब्रेक लागतात. हा साधा आणि स्वस्त. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असल्याने ब्रेकही सतत घासतात, आणि रिव्हर्स घेताना चाके जाम होतात. त्यासाठी लॉकची खिटी किंवा उलट फिरताना मोकळे होणारे ड्रम हवेत. दुसरा इलेक्ट्रिक : ड्रममध्ये चुंबक आणि गाडीत कंट्रोलर. दहा इंची ड्रमच्या एका चुंबकाला सुमारे तीन अँपिअर लागतात, म्हणजे एका अॅक्सलला सहा. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज घालून निदान चार चौरस मिलिमीटरची वायर ओढावी. बारीक वायरीत व्होल्टेज गळते आणि ब्रेक नुसते गुणगुणतात. इलेक्ट्रिकचा मोठा फायदा असा की ट्रेलर शेपूट मारू लागला तर कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात आणि तो ताणून सरळ होतो. अशी सोय नसेल तर अॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. उलटसुलट स्टिअरिंग मारणे किंवा वेग वाढवून ‘ताणून घेणे’ या दोन्ही गोष्टी गाडी उलटवतात.

कपलरच्या मापातही घोळ होतो. आपल्याकडे ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंची बॉल शेजारी शेजारी विकायला असतात. दोन इंच म्हणजे ५०.८. पन्नासचा कपलर दोन इंची बॉलवर पूर्ण बसत नाही, पण बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो. खिटी लावल्यावर जॉकी व्हीलने दांडी वर उचलून पाहावी. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली पाहिजे. शिवाय बॉल-कपलरला मुरड मर्यादितच सोसते, साधारण २० ते २५ अंश. जांभ्याच्या चिऱ्यांतून किंवा ओढ्याच्या काठावरून जाताना गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला झुकला की ही मर्यादा संपते आणि कपलरचे ओठ फाकतात. अशा वाटेवर जायचेच असेल तर सर्व दिशांना फिरणारा ऑफ-रोड कपलर घ्यावा. साखळी दोन्ही बाबतीत हवीच; दोन असतील तर दांडीखाली फुलीने, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलली जाते. साखळी अडकवायच्या शॅकलवर (कडीवर) क्षमतेचा ठसा बघून घ्यावा. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो : अडकलेली गाडी टो बॉलला दोर बांधून ओढू नये. झटक्याने बॉल तुटून गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात याने माणसे मेली आहेत.

टो बार नुसता शोभेचा असेल तर त्याला ट्रेलर लावू नये. मागून धडक बसू नये म्हणून बसवलेले आडवे पाइप आणि ‘हिच’ नावाच्या पायऱ्या बाजारात ढिगाने आहेत. खरा टो बार चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना उच्च ताकदीच्या बोल्टांनी धरलेला असतो. चेसिसला वेल्डिंग करून घेऊ नये. उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि भेग तिथूनच सुरू होते. ट्रेलरच्या दांडीलाही हेच लागू. पेटीच्या पुढच्या कडेला, जिथे दांडी आत शिरते, तिथे वाकवणारा ताण सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तिथेच पट्टीच्या वरच्या अंगावर आडवे वेल्डिंग केलेले दिसते. दांडीचे पाइप निदान पहिल्या क्रॉस मेंबरपर्यंत (सांगाड्यातल्या आडव्या पट्टीपर्यंत) आत न्यावेत, आणि वेल्डिंग लांबीच्या दिशेने करावे.

चाके गाडीच्याच मापाची घ्यावीत. जिम्नीचा बोल्ट पॅटर्न ५ × १३९.७ आहे, टायर १९५/८० आर १५. ट्रेलरला तोच हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) बसवला तर एक स्टेपनी दोघांना चालते. भंगारातला हॅचबॅकचा मागचा अॅक्सल टाकणाऱ्यांना हे जमत नाही, आणि त्या अॅक्सलची मूळ क्षमता किती होती हेही कोणी पाहत नाही.

दिव्यांच्या बाबतीत नव्या गाड्या नाजूक आहेत. मागच्या लाइटच्या वायरीला सोलून जोड दिला की गाडीच्या कंट्रोल युनिटला जास्तीचा करंट दिसतो. इंडिकेटर भरभर लुकलुकतो किंवा युनिट ती लाइनच बंद करते. बायपास रिले बसवून दिव्यांची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी. युरोपीय पद्धतीच्या सात पिनांच्या सॉकेटची रंगसंगती ठरलेली आहे : पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा, पांढरा अर्थ (अर्थिंग), लाल ब्रेक, काळा डावा टेल, तपकिरी उजवा टेल, निळा मागचा फॉग. अर्थिंग टो बॉलमधून जाईल या भरवशावर राहू नये. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटला, तर दोष बहुधा पांढऱ्या वायरीतच असतो.

चालवताना फोर-बाय-फोरचा मोह आवरावा. या गाड्यांना मधला डिफरन्शिअल नाही. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावून वळलात तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठतो. मुरूम, चिखल, वाळू, गवत इथेच तो लावावा. होमस्टेच्या कच्च्या चढावर ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा असेल तर फोर-एल (चारही चाकांना ताकद, अगदी संथ गिअर) उत्तम. क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागत नाही, आणि ट्रेलर ओढणाऱ्या छोट्या गाडीत सर्वांत आधी जळतो तो क्लचच. आखूड ट्रेलर रिव्हर्समध्ये पटकन मुरडतो, म्हणून स्टिअरिंग थोडे थोडे द्यावे आणि कोन वाढला की पुढे जाऊन सरळ करावे. चढावर टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के दम गमावते. महाबळेश्वरच्या उंचीवर जवळजवळ आठवा हिस्सा गेलेला असतो. म्हणजे चढावर दुसऱ्या गिअरची तयारी ठेवावी, आणि मागे रांग लागली तर बाजूला घेऊन वाट द्यावी.

ट्रेलर रस्त्यात बंद पडतो तो बहुतेक वेळा हबमुळे. पहिल्या तासाभरानंतर थांबून प्रत्येक हबला हाताची पाठ लावून पाहावी. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग आवळून बसले आहे किंवा ब्रेक सुटत नाही. बेअरिंग बसवताना चाक फिरवत नट घट्ट करावा, मग स्प्लिट पिनच्या पुढच्या खाचेपर्यंत मागे सोडावा. चाक वर-खाली हलवल्यावर किंचित खेळ जाणवला पाहिजे. चाकांचे नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. तापलेला हब थेट ओढ्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ते ग्रीसमध्ये मिसळून दुधाळ लगदा होतो आणि पुढच्या दोनचारशे किलोमीटरांत बेअरिंग ओरडू लागते. ओढ्याआधी दहा-पंधरा मिनिटे थांबणे एवढाच उपाय आहे, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात घालणे टाळणे. गाडीत एका चाकाचे पूर्ण सामान ठेवावे : आतले आणि बाहेरचे बेअरिंग, सील, स्प्लिट पिन, ग्रीस.

कागदपत्रांचे थोडक्यात. ट्रेलरची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. गाडीचाच नंबर मागे रंगवून भागत नाही. टो बार हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरतो का, हे आपल्या आरटीओत लेखी विचारून घ्यावे. विमा कंपनीला ट्रेलरची माहिती देऊन पॉलिसीत नोंद करून घ्यावी, नाहीतर सुटलेल्या ट्रेलरने केलेल्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला आयतेच कारण मिळते.

मागण्या दोनच आहेत. जी कंपनी परदेशात आपल्या गाडीची ब्रेकसह आणि बिनब्रेकची ओढक्षमता व बॉलवरचा कमाल भार छापते, तिने तेच आकडे, किंवा इथे ट्रेलर चालणार नाही असे स्पष्ट वाक्य, भारतातल्या पुस्तिकेतही छापावे. आणि परिवहन खात्याने प्रत्येक कॅम्पर ट्रेलरच्या दांडीवर ठोकलेली पाटी सक्तीची करावी : रिकामे वजन, कमाल वजन, अॅक्सलची क्षमता, कपलरचे माप आणि बांधणाऱ्याचे नाव. बांधणाऱ्याचे नाव आले की अॅक्सल मध्यावर टाकण्याआधी तो वजनाचा मध्य एकदा तरी मोजेल.

आपला,
ट्रेलर बांधणीच्या व्यवसायातला एक वाचक,
भोसरी, पुणे